इक्विनॉक्स ८०० ला दुसरी कॉइल कुठली घेऊ? बारीक सोन्यासाठी, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मेलबर्नला असतो. माइनलॅब कंपनीचं इक्विनॉक्स ८०० हे मेटल डिटेक्टर मशीन आहे, त्याच्यासोबत आलेली ११ इंची डीडी (डबल-डी, D आकाराच्या दोन वेटोळ्यांची) कॉइलच, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, वापरतोय. सुट्टीच्या दिवशी डनॉली, टार्नागुला, मोलिआगुल या पट्ट्यात जातो (मायनर्स राइट, म्हणजे सोनं शोधायचा परवाना, काढलेलं आहे). आता अजून एक कॉइल घ्यायचीय, एकच, दोन घेण्याइतकं बजेट नाही, आणि तिथेच अडलोय.

तिथली माती लालभडक, लोह भरपूर, त्यात आयर्नस्टोनचे दगड. गोल्ड मोडला सेन्सिटिव्हिटी जरा वर नेली की मशीन सारखं कुरकुरायला लागतं, खाली आणली की बारीक कण सुटतात. शिवाय सगळ्या १८५० च्या दशकातल्या गोल्ड रशच्या जुन्या जागा, त्यामुळे खिळे, पत्र्याचे तुकडे, शिशाचे छर्रे पावलोपावली. बारीक छर्रा मशीनच्या स्क्रीनवर १-२ आकडा दाखवतो आणि बारीक सोनंही तेवढंच, म्हणून लागेल तो सिग्नल खणतो, त्याचा कंटाळा नाही. पण खिळ्याशेजारचं सोनं मोठ्या कॉइलखाली दबून जात असणार, हे फार जिवाला लागतं.

एकजण म्हणाले १५x१२ इंची घे, खोल जाते. मला ते पटत नाही. मोठी कॉइल खोल जाते ती मोठ्या नगेटला (सोन्याच्या गोळ्याला), तांदळाच्या कणीएवढ्या सोन्याला नाही, आणि जमीन जास्त बघते म्हणून आवाजही जास्त करते. मोलिआगुलचं वेलकम स्ट्रेंजर, एवढं प्रचंड नगेट, १८६९ मध्ये सापडलं तेही जेमतेम इंचभर मातीखाली!

म्हणजे उरल्या दोन, माइनलॅबची ६ इंची गोल आणि कॉइलटेकची १०x५. कोणी दोन्ही वापरल्यात का? ६ इंचीने दिवसभरात किती जागा होणार ही धास्ती आहे.

प्रतिसाद:
१०x५ घ्या, डोळे झाकून. डीडीमध्ये मुख्य पकड मधल्या उभ्या पट्टीत असते, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. त्यामुळे १०x५ एका फेरीत ६ इंचीपेक्षा बराच जास्त पट्टा घेते आणि रुंदी कमी म्हणून दोन खिळ्यांच्या मधूनही जाते, गवताच्या झुबक्यांतही छान शिरते. बारीक सोन्याला ६ इंची किंचित सरस वाटेल पण एकच घ्यायची तर ही. बाकी कुरकुरीसाठी जागा बदलली की ग्राउंड बॅलन्स (मशीन त्या मातीशी जुळवून घेणं) परत करा, आणि कॉइलखालचं कव्हर काढून बघा, आत ती लाल माती साचली असेल तर खोटे सिग्नल येतात.

धागाकर्ता:
कव्हर आत्ताच काढलं, आत चिमूटभर नाही, चांगली मूठभर माती निघाली! मनापासून आभार. १०x५ चं कव्हर सोबत येतं की वेगळं घ्यावं लागतं?