रोझरीतले ‘रहस्य’ मुलांना कोणत्या शब्दात सांगावे?

वसईहून:
आमच्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, मी पहिल्या ख्रिस्तशरीराच्या (फर्स्ट कम्युनियनच्या) तयारीचा वर्ग घेते. मुले सात-आठ वर्षांची. रोझरी म्हणजे आमची जपमाळेची प्रार्थना; तीत येशू आणि मारियेच्या ज्या प्रसंगांवर मनन करतो त्यांना रहस्ये म्हणतात. परवा त्यांतली आनंदाची पाच रहस्ये शिकवली : देवदूताचा निरोप, एलिझाबेथची भेट, येशूचा जन्म, मंदिरातले समर्पण आणि हरवलेला बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो ते. पाचवे संपताच पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “टीचर, येशू तर सापडला. मग रहस्य कुठे उरलं?”

तिचे काय चुकले? गोष्टीत रहस्य म्हणजे शेवटच्या पानावर उलगडते ते. आपले रहस्य सांगून झाले तरी संपत नाही. ‘गूढ’ म्हटले की मुलांना भुतेखेते आठवतात. ‘कोडे’ तर मुळीच नको. दुसरा शब्द आहे का?

पुण्याहून:
ताई, शब्द बदलण्याआधी त्याचे मूळ बघा. रहस् म्हणजे एकांत. एकांतात, विश्वासातल्या माणसाला सांगायचे ते रहस्य. उपनिषदांनाही हा शब्द लावतात. टिळकांच्या ‘गीतारहस्य’ (१९१५) या नावात लपवाछपवी नाही, तिथे अर्थ आहे मर्म. खून आणि गुप्तहेर या शब्दाला नंतर चिकटले.

बायबलात जिथे आपण रहस्य म्हणतो त्या ग्रीक ‘मुस्तेरिऑन’ची गंमत अशी की जुन्या लॅटिन बायबलात त्यासाठी काही ठिकाणी ‘साक्रामेंतुम’ आले, आणि बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांनाही तोच शब्द आहे. म्हणून रहस्य आणि संस्कार हे शब्द सख्खे शेजारी आहेत. पूर्वेकडची चर्चेस आजही संस्कारांना रहस्येच म्हणतात. केरळातल्या सिरो-मलबार चर्चमध्ये सर्वांत सोहळ्याच्या मिस्साला ‘राझा’ म्हणतात. हा सिरियाक शब्द फारसीतून आलेला, म्हणजे हिंदी गाण्यांतला ‘राज़’च. आणि तो आपल्या रहस्-चा लांबचा भाऊ मानला जातो! इतका मुरलेला शब्द सोडू नये असे मला मनापासून वाटते.

मडगावहून:
आमच्या कोंकणी तेर्सात, म्हणजे रोझरीत, ‘मिस्तेर’ म्हणतात, पोर्तुगीजमधून आलेला. मुलाला त्याचा दुसरा अर्थ ठाऊकच नसतो, त्यामुळे पुसायचे काही नसते. पण समजावायचे सगळेच उरते. फादर स्टीफन्स यांची कोंकणी ‘दोतोर्न’, म्हणजे धर्मशिक्षणाची पुस्तिका, गोव्यातल्या रायतूरला १६२२ मध्ये छापली गेली, ती प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. तुमच्या मुलीने प्रश्न विचारला, म्हणजे दोतोर्न नीट चालू आहे.

नगरहून:
आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्याकडे रोझरी नाही. पण संडे स्कूलमध्ये हीच अडचण येते. मी ‘गूज’ म्हणते. गुह्य या शब्दापासूनच तो घडला, हितगुजातला गूज. आजी नातवाला जवळ ओढून कानाशी जे सांगते ते गूज. ते लपवलेले असते, पण सांगण्यासाठीच. मत्तय १३:११ मध्ये येशू शिष्यांना म्हणतो की राज्याची रहस्ये जाणण्याचे दान तुम्हांला दिले आहे. दिलेले आहे, शोधून काढायचे नाही. मुलांना एवढे पोचले तरी पुष्कळ.

एक विनंती. त्रैक्य, म्हणजे एकाच देवात तीन व्यक्ती, हे शिकवताना पाणी-बर्फ-वाफ हा दाखला देऊ नका. तेच पाणी पाळीपाळीने तीन रूपे घेते; पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे पाळीपाळीने नाहीत. त्यापेक्षा संत ऑगस्टीनची आख्यायिका सांगा, वाळूतल्या खळग्यात शिंपल्याने समुद्र भरू पाहणाऱ्या मुलाची : समुद्र खळग्यात मावत नाही, तसे त्रैक्य आपल्या बुद्धीत मावत नाही. वसईच्या मुलांना समुद्र वेगळा समजवावा लागत नाही.

वसईहून:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज ‘गूज’ वापरून पाहिला. “आनंदाची पाच गुजे” काही जिभेवर बसेना, तेव्हा प्रार्थनेत ‘रहस्य’च ठेवणार. पण समजावताना गूज फार कामी आला.

त्या मुलीला लूकच्या दुसऱ्या अध्यायातले पुढचे वाचून दाखवले. येशू सापडतो, “मी माझ्या पित्याच्या घरी असायला हवे” अशा अर्थाचे बोलतो, आणि आईबाबांना ते समजत नाही. आई मात्र सगळे अंतःकरणात जपून ठेवते. तिने विचारले, “मारियेला पण नाही कळलं?” मी म्हटले, “तेव्हा नाही.” तिने वही उघडली आणि पाचव्या रहस्यापुढे लिहिले : आईने जपून ठेवले.