भटकंतीसाठी एकच हलकी पँट: आपापले अनुभव लिहावेत

बूट आणि सॅक घेताना आपण जितका विचार करतो, त्याच्या पावपटही विचार पँट घेताना करत नाही, आणि तरीही दिवसभराच्या चालीत मांड्यांना घासणारी, घामाने भिजणारी आणि काट्यांना सर्वांत आधी सामोरी जाणारी वस्तू तीच असते. म्हणून हा विषय मुद्दाम काढला आहे. चढणीला, ओढा ओलांडायला, सायकलवर, खडकावर आणि लांबच्या प्रवासात बसून राहायलाही एकच पँट चालावी, अशी ज्यांची अपेक्षा असेल, त्यांनी आपण काय निवडले, का निवडले आणि निवड चुकली असल्यास नेमकी कुठे चुकली, हे सविस्तर लिहावे. कंपन्यांच्या नावांपेक्षा कापड, शिवण, माप आणि वापर यांविषयी लिहिलेत, तर नव्याने खरेदी करणाऱ्याला त्याचा अधिक उपयोग होईल.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. पहिली काही वर्षे मी जाड सुती कापडाची, भरपूर खिशांची पँट घालून जात असे, कारण ती मजबूत दिसत होती. एका संध्याकाळी ओढा ओलांडताना ती मांडीपर्यंत भिजली आणि पुढचे तीन तास वाऱ्यात चालूनही वाळली नाही. कापड पोटरीला चिकटत होते, गुडघा वाकवताना प्रत्येक पावलाला मागे ओढत होते, आणि अंधार पडल्यावर माझे पाय थरथरू लागले. पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, हे मी नंतर वाचले. त्या दिवशी ते अंगावर अनुभवले होते. घरी आल्यावर मी ती पँट आणि नायलॉनची एक साधी पँट दोन्ही भिजवून, पिळून शेजारी शेजारी वाळत घातल्या. नायलॉनची पँट दोन तासांत घालण्याजोगी झाली, तर सुती पँटचा कमरेचा पट्टा आणि खिशांची दुहेरी कापडे दुसऱ्या दिवशी सकाळीही ओलसर होती. तेव्हापासून कोणतीही पँट हातात घेतली की ती कशी दिसते यापेक्षा ती कुठे कुठे दुहेरी शिवली आहे, हे मी आधी पाहते, कारण पाणी तिथेच साचून राहते.

शिवणकामाचा व्यवसाय असलेल्या वाचकाचा अनुभव

आपण दुहेरी कापडाचा मुद्दा काढलात, तो अगदी योग्य आहे. त्यात कापडाविषयी थोडी भर घालतो, कारण माझे सगळे आयुष्य कापड हाताळण्यात गेले आहे. नेहमीच्या दमट हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओल नुसती हवेतून धरून ठेवतो, नायलॉन सुमारे चार टक्के धरतो आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे केवळ वाळण्याचा विचार केला तर पॉलिएस्टर सरस ठरते. पण त्याच जाडीचे नायलॉन घासले जाण्याला अधिक चांगले टिकते. ज्याला खडकावर बसायचे आहे आणि काटेरी झुडपांतून जायचे आहे, त्याने नायलॉनच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोकळ्या, उन्हाच्या रस्त्यांवर चालणाऱ्याला पॉलिएस्टर पुरेसे आहे, कारण ऊन सोसण्यात ते नायलॉनपेक्षा उजवे असते.

कापडात बारीक चौकटी दिसत असतील, तर ते रिपस्टॉप विणीचे कापड होय. त्यात ठरावीक अंतरावर जाड किंवा जोडधागा विणलेला असतो, त्यामुळे एखादा काटा घुसून भोक पडले तरी ते पुढच्या चौकटीपाशी थांबते आणि फाटत जात नाही. माझ्या पँटच्या डाव्या मांडीवर असे एक भोक गेली चार वर्षे आहे. ते तांदळाच्या दाण्याएवढे पडले होते आणि आजही तेवढेच आहे.

मात्र कापडाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाची गोष्ट म्हणजे पँटचा बेत, म्हणजे ती कशी कापून जोडली आहे. साध्या पँटमध्ये चारही शिवणी दोन पायांच्या मधोमध एका बिंदूत येऊन मिळतात आणि मोठे पाऊल उचलले की सगळा ताण त्या बिंदूवर येतो; आसन उसवते ते याच कारणाने. चांगल्या पँटमध्ये तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा एक वेगळा तुकडा जोडलेला असतो. त्यामुळे ताण चार बाजूंना वाटला जातो आणि जाड शिवण मांड्यांच्या मध्ये घासतही नाही. तसेच गुडघ्याशी छोट्या चुण्या घालून कापडाला आधीच किंचित बाक दिलेला असेल, तर चढताना पँट वर ओढली जात नाही. घेण्यापूर्वी पँट उलटी करून पाहावी. आतल्या शिवणी दुमडून, कड आत घेऊन, दोन धावांनी पक्क्या केलेल्या असतील तर ती पँट टिकेल. कापडाच्या मोकळ्या कडा दिसत असतील तर ती कितीही हलकी असली तरी घेऊ नये.

सायकल आणि डोंगर दोन्हींसाठी एकच पँट वापरणाऱ्याचा अनुभव

माझी गरज जरा वेगळी आहे. मी पायथ्यापर्यंत सायकलने जातो, सायकल तिथे ठेवून वर चढतो आणि कधी कधी दोर बांधून खडकही चढतो. या तिन्ही कामांत पँटचा जो भाग त्रास देतो, तो प्रत्येक वेळी निराळा असतो. सायकलवर पायाचा खालचा घेर सैल असला की तो साखळीत अडकतो, म्हणून घोट्याशी निमुळती होणारी किंवा नाडीने आवळता येणारी पँटच मला चालते. खडकावर गुडघा छातीपर्यंत आणावा लागतो, तिथे कापडात थोडा तरी ताण हवा. हा ताण इलास्टेन नावाच्या धाग्यामुळे येतो. १९५८ साली ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो शोधला आणि आज तो आपल्या बहुतेक कपड्यांत कुठे ना कुठे असतो.

मी आधी असे समजत होतो की ताण जितका अधिक तितके चांगले, आणि म्हणून लेगिंगसारखी भरपूर ताणणारी एक पँट घेतली. ती भिजल्यावर वाळायला वेळ लावू लागली आणि वर्षभरात गुडघ्यांशी फुगून तशीच राहिली. आता दोन ते पाच टक्के इलास्टेन असलेले नायलॉनच मी घेतो. कापड एकाच दिशेने ताणते की दोन्ही दिशांनी, हे दुकानातच दोन्ही हातांनी ओढून पाहतो, कारण आडवे ताणणारे आणि उभे न ताणणारे कापड गुडघा वर घेताना फारसे कामाचे नसते.

खिशांविषयीही लिहायला हवे. सॅकचा कमरेचा पट्टा नेमका पुढच्या खिशांच्या तोंडावर येतो, त्यामुळे त्या खिशांत ठेवलेली वस्तू चालताना काढता येत नाही आणि किल्ल्या असतील तर त्या कमरेच्या हाडाला टोचत राहतात. मांडीच्या बाजूला, चेन असलेला एक चपटा खिसा एवढाच मला दिवसभर उपयोगी पडतो. तो मांडीच्या पुढच्या बाजूला नसावा, कारण तिथे ठेवलेला फोन प्रत्येक पावलाला आपटत राहतो.

गुडघ्याशी चेन असलेल्या पँटविषयी

गुडघ्यापाशी चेन उघडून जिची हाफपँट करता येते, अशी पँट मी तीन वर्षे वापरली आणि तिच्याविषयी माझे मत दोन्ही बाजूंनी आहे. पाण्यातून जाताना तिचा फायदा निर्विवाद आहे. खालचे पाय काढून सॅकमध्ये ठेवले की पलीकडे गेल्यावर कोरडे कापड घालता येते. पण ती चेन बरोबर गुडघ्याच्या वर, जिथे कापड सर्वांत जास्त वाकते तिथेच असते. लांबच्या उतारावर माझ्या उजव्या गुडघ्याच्या वर तांबडा पट्टा उमटत असे आणि शेवटी तिथली त्वचा सोलली गेली. वाळूतून चालल्यावर चेनीचे दात अडकत. पाय काढताना बुटांवरून घेर निघत नसेल, तर बूट काढावेच लागतात. म्हणून घोट्यापाशी दुसरी उभी चेन आहे की नाही, हे अवश्य पाहावे. आता मी सरळ अखंड पायांची, गुंडाळून पोटरीवर बटणाने अडकवता येणारी पँट वापरतो.

वरील मताशी अंशतः असहमती

आपल्याला त्रास झाला हे खरे; पण माझ्या अनुभवात दोष चेनीपेक्षा मापाचा असतो. चेन गुडघ्याच्या वाटीच्या किमान चार बोटे वर असेल आणि तिच्या आत कापडाची पट्टी लावलेली असेल, तर ती घासत नाही. अनेक दिवसांच्या प्रवासात एकाच कपड्यात दोन कपडे मिळतात, शिवाय चिखलाने भरलेले फक्त खालचे पाय धुऊन वाळत घालता येतात. हा लाभ मला मोठा वाटतो.

स्त्रियांच्या मापांविषयी

मला मापाविषयी लिहायचे आहे, कारण माझी दोन वेळची खरेदी केवळ त्यामुळे वाया गेली. स्त्रियांसाठी म्हणून मिळणाऱ्या पँट्समध्ये खिसे बहुधा उथळ असतात, कंबर खाली असते आणि वाकले की मागून सॅक व पँट यांच्यामध्ये पाठ उघडी पडते. नेमक्या त्याच जागी सॅकचा पट्टा घासतो. एका विक्रेत्याने मला घट्ट मापच योग्य असल्याचे आग्रहाने सांगितले आणि आरशासमोर उभे राहून ते पटलेही. पण पहिल्याच उंच पायरीला कमरेचे बटण तुटून गेले.

तेव्हापासून मी कपडे बदलण्याच्या खोलीत ठरलेल्या चार गोष्टी करते. पूर्ण उकिडवी बसते आणि मागून कंबर किती खाली सरकते ते पाहते. एक पाय बाकावर किंवा खुर्चीवर ठेवून वर चढते. मांडी घालून जमिनीवर बसते. शेवटी सॅक नेलेली असेल तर तिचा पट्टा आवळून कमरेच्या लूप, बटण किंवा बक्कल हाडावर दाबले जाते का, ते पाहते. कमरेला पट्ट्याऐवजी आतून नाडी असेल तर मला ते अधिक सोयीचे वाटते, कारण आठ-दहा दिवसांच्या चालीत कंबर थोडी कमी होते, पाळीच्या दिवसांत पोट फुगते, आणि नाडी दोन्ही वेळा सांभाळून घेते. आडोसा दूर असलेल्या वाटांवर झटकन खाली सरकवता येणारी पँट हीसुद्धा गरज आहे. याविषयी आपण मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून इथे लिहिले.

ऊन, गोचीड आणि ठिणग्या

रंगाविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. गवताळ भागात गोचिडी असतील तर फिकट रंगाची पँट घालावी आणि तिचे पाय मोज्यांत खोचावेत. फिकट कापडावर गोचीड चढताना स्पष्ट दिसते आणि चावण्यापूर्वी झटकता येते. एकदा विश्रांतीच्या दगडावर बसून मी माझ्या मातकट पांढऱ्या पँटवरून एकामागून एक सात गोचिडी काढल्या. माझ्या सोबत्याची पँट काळी होती. त्याला त्याच्या गोचिडी रात्री अंगावर सापडल्या.

उन्हासाठी कापडाचा यूपीएफ आकडा, म्हणजे ते अतिनील किरण किती अडवते हे सांगणारा आकडा, पाहावा. त्याचे प्रमाण ठरवणारे मानक १९९६ साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये आले. आकडा ५० असेल तर अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे दोन टक्के, कापडातून आत येतो. जे कापड उजेडासमोर धरल्यावर पलीकडचे बोट दिसते, ते उघड्या पठारावरच्या दिवसभराच्या चालीसाठी मी घेत नाही.

आणि शेकोटीपासून सांभाळावे. नायलॉन प्रकारानुसार सुमारे २२० ते २६५ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे सुती कापडावर नुसता काळा ठिपका पाडणारी ठिणगी नायलॉनला आरपार भोक पाडते आणि वितळलेला थेंब त्वचेला चिकटतो. शेकोटीजवळ बसायचे असेल तर मी मांडीवर सुती पंचा टाकतो.

निगा आणि दुरुस्ती

नवी पँट पाणी झटकते आणि काही महिन्यांनी पाणी शोषू लागते, म्हणून ती खराब झाली असे समजून टाकून देणारे मला अनेक भेटले. कापडावर पाणी झटकणारा जो लेप असतो, तो बहुतेक वेळा संपलेला नसतो, तर घाम, तेलकटपणा आणि साबणाचे अवशेष यांखाली दबलेला असतो. कपडे मऊ करणारे द्रव अशा पँटला कधीही लावू नये, कारण त्याचा थर कापडावर बसतो आणि पाणी झटकले जात नाही. सौम्य साबणाने धुऊन, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढून, आतल्या सूचनांच्या पट्टीवर परवानगी लिहिलेली असल्यास कमी उष्णतेवर वाळवली, की थेंब पुन्हा मोत्यांसारखे घरंगळू लागतात. पूर्वी या लेपांत फ्लोरिनयुक्त रसायने सर्रास असत; ती निसर्गात जवळजवळ नष्टच होत नसल्यामुळे आता अनेक उत्पादक ती सोडत आहेत. नव्या लेपांना तेलकटपणा लवकर भोवतो, म्हणून त्या पँट्स थोड्या अधिक वेळा धुवाव्या लागतात, आणि मला तो व्यवहार रास्त वाटतो.

मुक्कामी धुतलेली पँट लवकर वाळवायची असेल तर ती कोरड्या पंच्यात गुंडाळून, त्या गुंडाळीवर गुडघे टेकून दाबावे आणि मगच पिळावे. नुसत्या हातांनी न निघणारे पाणी पंचा ओढून घेतो.

माझी सध्याची पँट सहाव्या वर्षात आहे. दोन्ही पायांची आतली कड, जिथे एका बुटाची टाच दुसऱ्या पायाला लागते, तिथे आधी झिजली. मी तिथे जुन्या तंबूच्या कापडाचे बोटभर रुंद ठिगळ आतून लावले, कोपरे गोल कापले आणि कडेने दोनदा शिवले. चौकोनी कोपरे आधी सुटतात, हे पहिल्या ठिगळाने शिकवले होते. त्यानंतर दोन मोसम झाले. ठिगळ घट्ट आहे आणि आता त्याच्या वरच्या बाजूचे मूळ कापड विरळ होऊ लागले आहे, तेव्हा पुढच्या चालीआधी तेवढे ठिगळ दोन बोटे वर वाढवायचे आहे.