चौकटच्या राजाला तिसऱ्या सीझनमध्ये तोड का मिळाली नाही?

किल्वर_सत्ती
(दोन्ही सीझनमधल्या खेळांचे निकाल पुढे उघड केले आहेत.)
'अॅलिस इन बॉर्डरलँड' या जीवघेण्या खेळांच्या जपानी मालिकेचा दुसरा सीझन डिसेंबर २०२२ मध्ये आला, तिसरा सप्टेंबर २०२५ मध्ये. तिसऱ्यातले खेळ दिसायला भव्य, पण नियम पोकळ आहेत. याउलट दुसऱ्यातला चौकटच्या राजाचा खेळ बघा (तिथले खेळ पत्त्यांच्या नावाने ओळखले जातात). पाच जण, प्रत्येकाने ० ते १०० मधला आकडा द्यायचा. सरासरीला ०.८ने गुणायचं, उत्तराच्या सर्वांत जवळचा जिंकतो, बाकीच्यांचा एकेक गुण जातो. उणे दहावर पोचलात की डोक्यावर आम्ल. सगळ्यांनी १०० दिले तरी उत्तर ८०, म्हणजे ८०च्या वर जाण्यात अर्थ नाही. हे सगळ्यांना कळलं की मर्यादा ६४, मग ५१.२, असं घसरत शून्यापर्यंत. कागद-पेन घेऊन त्यातला खेळाडू चिशिया याच्या बरोबरीने खेळता येतं. तिसऱ्या सीझनच्या ओमिकुजीत (देवळातल्या भविष्याच्या चिठ्ठ्यांच्या खेळात) मात्र उत्तर जितक्याने चुकेल तितके पेटते बाण. तिथे डोकं कुठे चालवायचं?

बदामराणी
शून्यापर्यंतची घसरण कागदावरच राहते. अर्थतज्ज्ञ रोझमेरी नागेल यांच्या १९९५च्या प्रयोगात ०.८ऐवजी दोन-तृतीयांश घेतले होते, तरी पहिल्या फेरीत सरासरी ३६च्या आसपास आली. माणसं एक-दोन पायऱ्या उतरून थांबतात. म्हणजे खरा डाव 'समोरचे किती पायऱ्या उतरतील' हा आहे, आणि तो माणसं ओळखण्याचा डाव आहे. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९३६ मध्ये शेअर बाजाराची सौंदर्यस्पर्धेशी तुलना करून हेच मांडलं होतं: तुम्हाला सुंदर वाटणारा चेहरा निवडू नका, इतर कोणता निवडतील ते ओळखा.
शिवाय सगळेच शहाणे झाले आणि सगळ्यांनी शून्य दिलं तर खेळ तिथेच अडतो. म्हणून दर मृत्यूनंतर नवा नियम जोडावा लागला. ही मला ठिगळं वाटतात.

किल्वर_सत्ती
ठिगळं नाहीत, प्रत्येक नियम आधीचं उत्तर मोडतो. चौघे उरले की सारखा आकडा देणाऱ्यांचा आकडा बाद आणि गुणही जातो, म्हणजे शून्यावर गर्दी करता येत नाही. तिघे उरले की कुणी अचूक उत्तर दिलं तर हरणाऱ्यांचे दोन गुण जातात. इथे बरेच जण चुकतात, कारण आपला आकडाही सरासरीत धरला जातो हे विसरतात. तिघांत अचूक आकडा म्हणजे इतर दोघांच्या बेरजेचे ४/११. इतरांची बेरीज ५५ असेल तर २०.
दोघे उरल्यावर लहान आकडा नेहमीच जिंकतो, करून बघा. मग शून्याला तोड नाही. म्हणून शेवटचा नियम: एकाने ० दिलं तर १०० देणारा जिंकतो. आता ० हरवतो १ला, १ हरवतो १००ला, १०० हरवतो ०ला. गणिताचा खेळ एका झटक्यात दगड-कागद-कात्री होतो. चिशिया १०० देणार हे आधीच सांगतो, तेव्हा कुझुर्यूने, म्हणजे खुद्द चौकटच्या राजाने, शून्य सोडून ९९पर्यंतचा कुठलाही आकडा दिला तरी तो जिंकला असता. तो शून्य देतो. चिशियाचा जीव त्या एका आकड्यावर वाचतो, आणि नियम माहीत असल्याशिवाय त्या निवडीचं वजन कळतच नाही.

इस्पिक_दुर्री
तिसऱ्या सीझनवर अन्याय होतोय. झोंबींचा पत्त्यांचा खेळ बारकाईने बघा. मोठा आकडा जिंकतो, झोंबी पत्ता समोरच्याला झोंबी करतो, शॉटगन झोंबीला मारते, लशीने तो पुन्हा माणूस होतो, आणि शेवटी ज्यांची संख्या जास्त ती बाजू वाचते. संसर्ग एकाचे दोन, दोनाचे चार असा वाढू शकतो, शॉटगन मात्र मोजक्याच. झोंबी व्हायला घाबरायचं, ही सवयच इथे चूक ठरते. हे पहिल्या फेरीत कागदावर काढता येतं. आणखी काय हवं?

बदामराणी
हेच म्हणायचं होतं. मला तर चौकटच्या राजापेक्षा बदामच्या गुलामाचा खेळ वरचा वाटतो. तुरुंग, २० जण, त्यांतच लपलेला गुलाम, आपल्या गळपट्टीच्या मागचं चिन्ह दुसऱ्याने सांगायचं, दर तासाला कोठडीत जाऊन ते बोलायचं, चुकलं की स्फोट. सगळे खरं बोलले तर कुणीच मरत नाही, पण गुलामही मरत नाही, म्हणून खेळ संपत नाही. गणित एवढंच. पुढचं सगळं कोण कुणाशी खोटं बोलतो यावर.

किल्वर_सत्ती
झोंबींचा खेळ मान्य, तो तिसऱ्या सीझनमधला सर्वांत नेटका. पण शेवटच्या खेळात दारातून पुढे जाणं फाशावर सोपवलंय. बदामच्या गुलामात फासा कुठे आहे?