‘ऐतिहासिक रहस्यकथा’चा विग्रह कसा करायचा?

प्रश्न

ऐतिहासिक अशी रहस्यकथा, की ऐतिहासिक रहस्याची कथा? या प्रकारातल्या चांगल्या कादंबऱ्या सुचवा म्हटलं की लोक शेरलॉक होम्सपासून खजिन्याच्या नकाशापर्यंत काहीही सांगतात. शब्द पक्का झाला तर यादीही धड होईल. आणि त्यात शोध घेणाऱ्याला ‘गुप्तहेर’ म्हणावं का?

प्रतिसाद

होम्सला आधी बाजूला काढा. त्याची पहिली कादंबरी १८८७ची, आणि कॉनन डॉयल स्वतःच्याच काळाबद्दल लिहीत होता. ती आता जुनी झाली आहे, ऐतिहासिक नव्हे.

विग्रह मात्र दोन्ही चालतात आणि दोन्हींची पुस्तकं आहेत. एलिस पीटर्सची कॅडफेल मालिका (पहिलं पुस्तक १९७७) पहिल्या विग्रहाची. बाराव्या शतकातलं इंग्लंड, गादीसाठी चाललेली यादवी, श्रूसबरीच्या मठातला औषधी वनस्पतींचा जाणकार साधू कॅडफेल. खून मात्र लेखिकेच्या कल्पनेतले. जोसेफिन टे यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’ (१९५१) दुसऱ्या विग्रहाची. दवाखान्यात पडून असलेला पोलीस अधिकारी ग्रँट पलंगावरूनच तपास करतो, की इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याने पुतण्यांना खरंच मारलं का. गोष्ट विसाव्या शतकात घडते, रहस्य पंधराव्यातलं.

स्टीव्हन सेलरची ‘रोमन ब्लड’ (१९९१) दोन्हींच्या मधली. इ. स. पू. ८०मध्ये बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या रोशियसचा बचाव रोमन वकील सिसेरोने केला. ते भाषण आजही उपलब्ध आहे. भाषणात जे नाही ते कादंबरीकाराने रचलं.

प्रतिसाद

विग्रहापेक्षा मला ‘ऐतिहासिक’ हे विशेषण तपासावंसं वाटतं. गुन्हा उचलून आजच्या काळात ठेवला आणि काहीच बिघडलं नाही, तर ते विशेषण नुसतं वेशभूषेपुरतं. अगाथा ख्रिस्तीने प्राचीन इजिप्तमधली ‘डेथ कम्स ॲज द एंड’ लिहिली, तेव्हा प्रास्ताविक टिपेत स्वतःच सांगून टाकलं की स्थळकाळ इथे गौण आहे, दुसरा कुठलाही चालला असता. प्रामाणिक बाई! कादंबरी वाचनीय आहे, पण घरातल्या वारसाहक्काच्या भांडणाची.

याउलट सुजाता मॅसीची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ पाहा. १९२१ची मुंबई, वकील पेरवीन मिस्त्री, आणि पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा. परक्या पुरुषाला आत प्रवेश नाही, म्हणून तपास बाईनेच करायचा. काळ काढून घेतला तर कथानकच उरत नाही. सी. जे. सॅन्समच्या ‘डिझोल्यूशन’चंही तसंच: १५३७, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री मठ बंद करतोय, आणि त्या कामावर आलेल्या सरकारी माणसाचाच मठात खून होतो. मठ बंद झाला तर सगळ्यांचंच पोट जाणार, त्यामुळे संशय कोणावर घ्यायचा हाच प्रश्न.

प्रतिसाद

‘रहस्य’ शब्दावर खुनाचा शिक्का अलीकडचा. ‘गीतारहस्या’त कोणाचाही खून होत नाही!

प्रतिसाद

‘गुप्तहेर’बद्दल. हेरणं म्हणजे नेमकं टिपणं, त्यामुळे शब्द मुळात चुकीचा नाही. पण ‘हेर’ म्हटलं की बहिर्जी नाईक आठवतात, म्हणजे राज्यासाठी शत्रूच्या गोटात शिरणारा माणूस. कॅडफेल असलं काही करत नाही. लंडनच्या पोलिसांत डिटेक्टिव्ह शाखा निघाली १८४२ साली. त्याच्या खूप आधीच्या काळात गोष्ट रचायची तर हा धंदाच अस्तित्वात नाही. म्हणून लेखक साधू, वकील, वैद्य यांना कामाला लावतात. उंबेर्तो एकोच्या ‘द नेम ऑफ द रोझ’मध्ये मठात तपास करणारा विल्यम पूर्वी चर्चचा इन्क्विझिटर होता, शब्दशः चौकशी करणारा. लिंडसी डेव्हिसचा रोमन फाल्को स्वतःला ‘इन्फॉर्मर’ म्हणवतो. त्याला मराठीत ‘खबऱ्या’ केलं तर तो पोलिसांचा माणूस वाटेल, आणि तो तर भाडोत्री.

चीनचा न्यायाधीश डी सगळ्यात अवघड. तांग काळातला तो खरा अधिकारी (६३०–७००), पण जिल्ह्याचा कारभार, तपास आणि निवाडा, तिन्ही एकाच माणसाकडे. रॉबर्ट व्हान ख्यूलिक या डच मुत्सद्द्याने आधी अठराव्या शतकातल्या एका चिनी कादंबरीचं भाषांतर केलं (१९४९) आणि मग स्वतःच्या रचल्या. जुन्या चिनी कथांत गुन्हेगार बहुधा सुरुवातीलाच कळतो. व्हान ख्यूलिकने तो शेवटपर्यंत लपवला. म्हणजे तिथे ‘रहस्य’ही उसनं. शिवाय रीतिरिवाज त्याने कित्येक शतकं नंतरच्या मिंग काळातले घातले, तेही सांगून.

मी सरळ ‘तपास करणारा’ लिहितो. लांब आहे, पण साधूलाही चालतं आणि न्यायाधीशालाही.

मूळ प्रश्नकर्ता

‘तपास करणारा’ घेतला. आता सुरुवात कुठून करू? एको?

प्रतिसाद

एकोने नको. पहिली शंभर पानं जड आहेत हे त्यालाही ठाऊक होतं. प्रकाशनापूर्वी ती कमी करा म्हणणाऱ्यांना त्याने नकार दिला, कारण त्याच्या मते मठात राहायचं तर मठाची चाल अंगवळणी पडली पाहिजे. आधी ‘द डॉटर ऑफ टाइम’ वाचा, लहान आहे. मग सॅन्सम. तोवर मठांची सवय होईल, तेव्हा एको उघडा. इयान पिअर्सची ‘ॲन इन्स्टन्स ऑफ द फिंगरपोस्ट’ मात्र सवडीने घ्या: ऑक्सफर्डमधला एकच मृत्यू, सांगणारे चार, आणि चौथ्यापर्यंत पोचलात की पहिला पुन्हा चाळावा लागतो.