बरे होऊन थोडे दिवस होत नाहीत तोच पुन्हा पॉझिटिव्ह : पुणेकरांचे अनुभव

नानापेठी (धागाकर्ता)

जानेवारी २०२२ मध्ये कोविडच्या ओमायक्रॉन लाटेत आमच्या घरातील सर्वजण आजारी पडले आणि लवकरच बरेही झाले. दोन वर्षांच्या खंडानंतर जूनमध्ये पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या, आमच्या वाड्यात पूर्वीसारख्या वारकऱ्यांच्या पंगती उठल्या आणि पालख्या सासवड व लोणी काळभोरच्या वाटेला लागतात न लागतात तोच मला पुन्हा ताप भरला. चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर शेजाऱ्यांपासून थोरल्या भावापर्यंत प्रत्येकाने विचारले, "एकदा होऊन गेला ना? मग परत कसा?" वास्तविक ओमायक्रॉनच्या बीए.४ आणि बीए.५ या उपप्रकारांचे राज्यातील पहिले रुग्ण मेअखेरीस पुण्यातच आढळले होते आणि आधीच्या संसर्गातून आलेल्या प्रतिकारशक्तीला हे उपप्रकार बऱ्याच अंशी चुकवतात. माझ्या बाबतीत मधे काही महिने तरी गेले होते. ज्यांचा अहवाल त्याहून लवकर पुन्हा पॉझिटिव्ह आला, त्यांना तो नवा संसर्ग होता की जुन्याचेच अवशेष होते, हे कशावरून कळले? अनुभव अवश्य लिहावेत. औषधांची नावे सुचवणे मात्र टाळावे.

पर्वतीपायथा

अनुभव आईचा आहे. एप्रिल २०२१ मध्ये, शहरात ऑक्सिजनच्या खाटेसाठी फोनामागून फोन करावे लागत होते त्या काळात, आईला न्यूमोनिया झाला आणि ती सुदैवाने बरी होऊन घरी आली. तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वर्षभर रखडली होती, म्हणून जूनमध्ये तारीख घेतली. शस्त्रक्रियेपूर्वी आरटी-पीसीआर बंधनकारक होती आणि तिचा अहवाल पॉझिटिव्ह आला. आईला ना ताप, ना खोकला. ती सकाळी गच्चीवर फेऱ्या मारत होती. तरीही रुग्णालयाने तारीख रद्द केली, सोसायटीच्या गटावर आमच्या मजल्याविषयी सूचना फिरली आणि धुण्याभांड्याच्या मावशींना चौकीदाराने फाटकातूनच परत पाठवले. आईला आजारपणापेक्षा हे अधिक लागले.

आमच्या डॉक्टरांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून समजावले. सीटी व्हॅल्यू, म्हणजे विषाणू दिसेपर्यंत चाचणीला लागलेली आवर्तने (आकडा जितका मोठा तितका विषाणू कमी), एप्रिलमध्ये १८ होती, जूनमध्ये ३३. चाचणीच्या प्रत्येक आवर्तनात नमुन्यातील विषाणूचा अंश दुप्पट होतो, त्यामुळे पंधरा आवर्तनांचा फरक म्हणजे ढोबळ हिशेबाने बत्तीस हजार पटींहून अधिक फरक. विषाणू मेल्यावरही त्याच्या जनुकीय द्रव्याचे तुकडे काहींच्या नाकाघशात तीन महिन्यांपर्यंत सापडू शकतात, असे ते म्हणाले. त्यांचे पत्र घेऊन गेलो, तेव्हा रुग्णालयाने "निगेटिव्ह आणा" एवढेच उत्तर दिले. शस्त्रक्रिया शेवटी गणपतीनंतर झाली.

नळीवाली

मी शहरातील एका प्रयोगशाळेत काम करते. वरील हिशेब समजण्यासाठी योग्य आहे, पण दोन वेगळ्या किटवरील सीटी व्हॅल्यूंची अशी थेट तुलना करू नये. नमुना नीट घेतला गेला नाही तरी आकडा वाढतो. त्या काळी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) ३५ ही मर्यादा मानली होती, म्हणजे ३३ हा अहवाल आम्हाला पॉझिटिव्हच द्यावा लागे.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. आयसीएमआरच्या संशोधकांनी पुनर्संसर्गाची जी व्याख्या वापरली, तीत दोन पॉझिटिव्ह अहवालांमध्ये किमान १०२ दिवसांचे अंतर आणि मधे एक निगेटिव्ह अहवाल अपेक्षित होता. मात्र मे २०२० पासूनच सौम्य रुग्णांना पुन्हा चाचणी न करता घरी सोडण्याचे धोरण होते. मग मधला निगेटिव्ह अहवाल येणार कोठून? माझ्या मते, खरोखर दोनदा आजारी पडलेले कितीतरी पुणेकर या व्याख्येत कधी बसलेच नाहीत.

फेज_टू

माझे अंतर या व्याख्येपेक्षा पुष्कळच कमी होते. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला मला ताप आला आणि वास पूर्णपणे गेला, इतका की फोडणी करपल्याचेही समजेना. चाचणी पॉझिटिव्ह आली. जानेवारीच्या उत्तरार्धात घसा असह्य दुखू लागला, अंग मोडून आले, पण वास शाबूत होता. घरगुती अँटिजेन किटवर दुसरी रेघ लगेच ठळक उमटली. त्यानंतर माझ्याबरोबर राहणाऱ्या दोन्ही मैत्रिणी आजारी पडल्या, ज्या डिसेंबरमध्ये पूर्ण सुटल्या होत्या आणि त्या आठवड्यात घरूनच काम करत होत्या. मृत अवशेषांनी कोणाला लागण होत नाही, त्यामुळे तो नवा संसर्ग होता याविषयी माझ्या मनात शंका नाही. डिसेंबरमध्ये विषाणूचे डेल्टा आणि ओमायक्रॉन हे दोन्ही प्रकार शहरात होते. विषाणूचा नेमका प्रकार सांगणारे जनुकीय क्रमनिर्धारण माझ्या नमुन्याचे कोणी केले नाही, तेव्हा कागदोपत्री पुरावा नाही.

कार्यालयातील मनुष्यबळ विभागाने रजेच्या अर्जावर "नुकताच झाला होता, त्यामुळे पात्र नाही" असा शेरा मारला. म्हणजे पर्वतीपायथा यांच्या आईला आजार नसताना आजारी मानले गेले आणि मला तापाने फणफणत असताना निरोगी!

औंधकर

एक तिसरा प्रकारही आहे. न्यू जर्सीतील माझ्या धाकट्या भावाने २०२२ च्या उन्हाळ्यात पॅक्सलोविड या कोविडवरील गोळ्यांचा पाच दिवसांचा क्रम पूर्ण केला, चाचणी निगेटिव्ह आली आणि थोड्याच दिवसांत लक्षणांसह पुन्हा पॉझिटिव्ह. त्याच जुलैच्या अखेरीस अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचाही अहवाल असाच पुन्हा पॉझिटिव्ह आला, मात्र तेव्हा त्यांची लक्षणे परतली नव्हती. हा नवा संसर्ग नसून तोच संसर्ग पुन्हा उसळणे होय, आणि अशा वेळी २०२२ मध्ये तिथे विलगीकरण नव्याने पाळावे लागे.

धनकवडीचे_डॉक्टर

जनरल प्रॅक्टिशनर म्हणून मला या दुसऱ्या पॉझिटिव्ह अहवालाची वेगळीच भीती वाटते. तो हातात आला की रुग्ण आणि नातेवाईक, दोघांचेही दुसरे कारण शोधणे थांबते. २०२२ च्या पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू आणि स्वाइन फ्लू दोन्ही होते. ऑगस्टमध्ये एका महाविद्यालयीन मुलाला त्याचे वडील घेऊन आले. तीव्र ताप, डोळ्यांमागे ठणका, पण सर्दी-खोकला अजिबात नाही. जुलैमध्ये कोविड होऊन गेला होता आणि आरटी-पीसीआर अजून जेमतेम पॉझिटिव्ह येत होती, म्हणून घरी "परत तोच आलाय" असे गृहीत धरून अंगदुखीसाठी दुकानातून आयब्युप्रोफेन आणून दिले होते. डेंग्यूत अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मी त्या तत्काळ बंद करून एनएस१ ही डेंग्यूची चाचणी आणि रक्तपेशींची तपासणी सांगितली. एनएस१ पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट्स उतरू लागल्या होत्या. मुलगा बरा झाला. वडील मात्र जाताना विचारत होते की कोविडसाठी त्याला वेगळ्या खोलीत आणखी किती दिवस ठेवू.