एक्झॉस्ट पोर्ट २ मिमी वर? जरा थांबा
भाऊ, यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक बाइकचा एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतलं धूर बाहेर सोडणारं भोक, घासून एकदम २ मिमी वर न्यायचं म्हणताय, पण तिचा स्ट्रोकच, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ५० मिमी. २ मिमी काही थोडं नाही. पोर्ट लवकर उघडला की वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना, गाडी सुसाट, खालचा दम मात्र गेला. मग इंदूरात राजवाड्याच्या गर्दीत क्लच धरून बसा! मी पहिल्यांदा रुंदीही वाढवली नि कडा धारदार सोडल्या. पिस्टनची रिंग त्यांत अडकून तुटली, पिस्टनवर मांजरानं ओरबाडल्यासारख्या रेघा. आता आधी अर्धाच मिमी, गोल कानशीनं, मग कडांना बारीक पॉलिश पेपर. नख फिरवून बघा; ते अडकलं तर रिंगही अडकणार. आणि घासून पडलेला धातूचा कीस रॉकेलनं धुतल्याशिवाय सिलिंडर चढवू नका.