±25 फॅरनहाइटचे सेल्सिअस वजा चार कसे काय?

शिकाऊ_क्वालिटी:
मंडळी, चाकणला हीट ट्रीटमेंटच्या कंपनीत क्वालिटीला लागून दोन महिने झालेत. अमेरिकन कस्टमरचं ड्रॉइंग आलंय: शाफ्ट, मटेरियल 4140 (पोलादाची एक जात), हार्डनिंग, म्हणजे कडक करायला तापवायचं, 1550 ± 25 फॅरनहाइटला. आमच्या भट्ट्या सेल्सिअसवर. 32 वजा करून 5/9 ने गुणलं, 1550 चे 843 आले. पण 25 चे येतात वजा 3.9! मी आपलं 843 ± 4 लिहून दिलं, तर ऑपरेटर म्हणतो, एवढी टाइट भट्टी मी जन्मात चालवली नाही. साहेबांना विचारायची लाज वाटते.

भट्टीकाका:
ऑपरेटरला आधी चहा पाज. ±25 हे तापमान नव्हे रे, दोन तापमानांतलं अंतर. बर्फ वितळतो तिथे एका पट्टीवर 0 आणि दुसरीवर 32, एवढ्यासाठीच ते 32 वजा करायचे. अंतराशी त्यांचा संबंध नाही. बर्फापासून उकळत्या पाण्यापर्यंत इकडे 100 घरं, तिकडे 180. म्हणून 25 ला नुसतं 5/9 ने गुण: 13.9. सगळे ±14 लिहितात, पण मी 830 ते 857 असं लिहीन. 843 मधून 14 गेले की 829 उरतात, आणि ड्रॉइंगची खालची हद्द 829.4 आहे. ऑडिटर असल्या अर्ध्या डिग्रीवरच जगतो.

आणि कंट्रोलरचं युनिट बघून घे. आमच्याकडे एकदा नवा कंट्रोलर बसवला, तो फॅरनहाइटवर राहिला. पोराने सेट केलं 843, डिस्प्लेवर 843, सगळे खूश. दार उघडलं तर आत मिट्ट काळोख! 843 सेल्सिअसला लोखंड लालभडक दिसतं. हे जेमतेम 450 होतं. अख्खा लोड मऊ, कानस सरसर चालत होती. तेव्हापासून मी आधी रंग बघतो, मग आकडा.

जर्मनीतली_लेक:
कारखान्यातलं कळत नाही, पण काकांची युक्ती घरी रोज वापरते. इथे थर्मामीटर सेल्सिअसचा. मुलाला ताप आला, सांगलीला आईला फोनवर म्हटलं, "38.9 आहे." आई म्हणे, "अगं, सेल संपला असेल त्याचा, बदल!" तिच्या डोक्यात ताप म्हणजे शंभराच्या पुढे. आता 37 म्हणजे 98.6 एवढंच पाठ केलंय. वरच्या प्रत्येक डिग्रीला 1.8 मिळवते. 1.9 चे झाले 3.4, म्हणजे 102. लगेच आईचं सुरू: मीठपाण्याच्या पट्ट्या ठेव.

शिकाऊ_क्वालिटी:
काका, कागद बदलून दिला. ऑपरेटरने चहाबरोबर वडापावही वसूल केला. कंट्रोलरही बघून आलो, चारही भट्ट्या सेल्सिअसवरच आहेत.

भट्टीकाका:
आणि दारातून डोकावलास का?